पहारेकरी जागा आहे, पण चोर ओळखू येत नाही!

शौचाच्या वाटे रक्त पडू लागले की आपल्याकडचा माणूस दोन गोष्टी करतो. पहिली म्हणजे कोणाला सांगत नाही. आणि सांगण्याची वेळ आलीच, तर 'मूळव्याध आहे' असे आपले आपणच ठरवून मोकळा होतो. मग कोणी पाटी लावून बसलेल्या मूळव्याधवाल्याकडे जातो, कोणी सुरण खातो, कोणी ताक-इसबगोलावर दिवस काढतो, तर कोणी देवऋष्याकडून अंगारा आणतो. बायका तर घरातही बोलत नाहीत. पुष्कळदा ती खरोखरीच मूळव्याध असते, हे मान्य. परंतु ज्यांची नसते त्यांचे सहा-आठ महिने असेच निघून जातात. वजन घटते, अंगातले रक्त कमी होते, कधी शौचाला साफ होत नाही तर कधी सारखे जावेसे वाटते. शेवटी दुर्बिणीतून पाहिल्यावर मोठ्या आतड्यात किंवा गुदाशयात गाठ सापडते. तुकडा काढून तपासला की रिपोर्टवर कॅन्सर असे लिहून येते.

२०२२ या एका सालात जगभरात या कॅन्सरचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख माणसे दगावली. युरोप-अमेरिकेच्या मानाने भारतात याचे प्रमाण कमी आहे. पण आपल्याकडची एक गोष्ट काळजी वाटावी अशी आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील सुमारे ८०० रुग्णांची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली, तीत रुग्णांचे सरासरी वय ४७ च्या आसपास निघाले. पाश्चात्त्य देशांत हा बहुतांशी साठी उलटलेल्यांचा रोग समजला जातो. सत्तेचाळीस म्हणजे घरातला कमावता माणूस. मुलांची शिक्षणे अर्धी, घराचे हप्ते चालू.

ऑपरेशन, केमोथेरपी आणि किरणोपचार हे तीन उपचार वाचकांना ऐकून तरी माहीत असतात. आज आम्ही लिहिणार आहोत ते चौथ्या उपचाराविषयी. हा उपचार आपल्याच शरीरातल्या संरक्षक पेशींच्या बळावर चालतो. गेल्या दहा-बारा वर्षांत त्याने आतड्याच्या कॅन्सरच्या काही रुग्णांचे नशीबच पालटून टाकले. 'काही' हा शब्द वाचकांनी नीट वाचावा, सर्वांचे नव्हे. हे काही जण कोण, ते एका साध्या तपासणीने कळते. पण ती तपासणी झाली आहे की नाही हे विचारायचे असते, हेच आपल्या घरांतून माहीत नसते.

प्रतिकारशक्ती कमी पडते काय?

कॅन्सर झाला म्हणजे 'त्याची प्रतिकारशक्ती कमी झाली होती' असे आपण सहज म्हणून जातो. मग प्रतिकारशक्ती वाढवणारी चूर्णे, काढे, डबे यांचा मारा सुरू होतो. भेटीला येणारा प्रत्येक नातेवाईक एक नवी बाटली घेऊन येतो. चार-चार हजारांचे डबे घेण्यासाठी लोक उसनवारी करतात. आम्हाला येथे स्पष्ट सांगावेसे वाटते, की आतड्याच्या कॅन्सरमध्ये प्रश्न बहुधा संरक्षक पेशी कमी असल्याचा किंवा त्या अशक्त असल्याचा नसतोच. त्यांना चोर ओळखू येत नाही, किंवा ओळखला तरी त्यांचे हात बांधले जातात, हा प्रश्न आहे. तो डब्यातल्या भुकटीने सुटत नाही.

हे समजण्यासाठी आधी पहारेकऱ्यांची ओळख करून घेऊ. रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी १८८२ साली इटलीतील मेसिना येथे समुद्रातल्या तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाला काटा टोचून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पाहिले, तर काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला! बाहेरून आलेल्या वस्तूला घेरून गिळणाऱ्या या पेशींना आपण भक्षक पेशी म्हणू. मेचनिकॉफ यांना पुढे १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. भक्षक पेशींच्या जोडीला रक्तात लसिकापेशी असतात. त्यांतल्या टी-पेशी या आपल्या गोष्टीच्या नायिका आहेत.

शरीरातील प्रत्येक पेशी आपल्या आत जी प्रथिने तयार होतात त्यांचे बारीक तुकडे पृष्ठभागावर मांडून ठेवते. घराच्या दारावर कुटुंबाची नावे लिहिलेली असावीत तसे. टी-पेशी फिरता फिरता ही पाटी वाचते. ओळखीचे नाव असेल तर पुढे जाते. परके दिसले तर मारक टी-पेशी त्या पेशीला भोक पाडून ठार करतात. काही लबाड पेशी दारावरची पाटीच काढून टाकतात. त्यांच्यासाठी नैसर्गिक मारक पेशी नावाचे दुसरे पथक आहे. ते पाटी नसलेल्या घरावरच संशय घेते.

आता आतड्याची अडचण पाहा. मोठे आतडे म्हणजे अब्जावधी जंतूंचे गाव. त्यातले बहुतेक जंतू निरुपद्रवी, कित्येक तर उपयोगी. शिवाय आपण खाल्लेले अन्न हेही शरीराला परकेच. प्रत्येक परक्यावर पहारेकरी तुटून पडले तर आतडे कायमचे सुजलेले राहील. म्हणून आतड्यातल्या पहाऱ्यात 'जरा दमाने घे' असे सांगणाऱ्या नियामक टी-पेशी मोठ्या संख्येने असतात. हा समंजसपणा एरवी आपल्या हिताचा आहे. कॅन्सरची गाठ मात्र त्याचा फायदा उठवते. ती नियामक पेशींना आपल्या आसपास गोळा करते. इतकेच नव्हे तर भक्षक पेशींनाही फितवते. जखम भरून आणण्याचे जे काम भक्षक पेशी करतात, तेच काम गाठ स्वतःसाठी करून घेते. नव्या रक्तवाहिन्या आणवते, भोवतालची जागा मोकळी करून घेते. चौकीतला शिपाईच चोराची शिडी धरून उभा राहावा, तसा हा प्रकार!

म्हणजे पहारेकरी नेहमी चांगलेच असे समजू नये. आतड्याला वर्षानुवर्षे सूज राहण्याचा जो आजार असतो, त्यात संरक्षक पेशींचीच धुमश्चक्री चालू असते आणि त्या रुग्णांना आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढतो.

गाठीत कोण किती?

पॅरिसच्या जेरोम गालोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली एक महत्त्वाचे काम प्रसिद्ध केले. ऑपरेशन करून काढलेल्या आतड्याच्या गाठी त्यांनी घेतल्या आणि त्यांत टी-पेशी किती आहेत, कोणत्या आहेत आणि कोठे उभ्या आहेत हे मोजले. गाठीच्या मध्यभागी किती आणि कडेला किती, असा वेगवेगळा हिशेब केला. ज्यांच्या गाठीत टी-पेशींची दाटी होती त्यांना रोग उलटण्याचे प्रमाण कमी निघाले, आणि ज्यांच्यात त्या विरळ होत्या त्यांना जास्त. डॉक्टर मंडळी आजवर गाठ किती खोल गेली, गिलट्यांत पसरली काय यावरून पुढचा अंदाज बांधत आली होती. या मोजणीचा अंदाज त्याहूनही जवळचा ठरला.

एका गावच्या एका रुग्णालयाचे निष्कर्ष सगळ्या जगाला लागू पडतीलच असे नाही. म्हणून मग तेरा देशांतील चौदा केंद्रांत २,६०० हून अधिक रुग्णांवर हीच मोजणी पुन्हा केली गेली. त्यात भारतही होता. २०१८ साली निष्कर्ष आला तो तसाच.

मग काही गाठींत पहारेकऱ्यांची गर्दी आणि काहींत शुकशुकाट, हे असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर शोधायला आम्ही वाचकांना सव्वाशे वर्षे मागे आणि सात समुद्रापलीकडे नेणार आहोत.

शिवणकाम करणाऱ्या बाईचे म्हणणे

अमेरिकेतील मिशिगन प्रांतात ॲन आर्बर नावाचे गाव आहे. तेथील विद्यापीठात आल्ड्रेड वॉर्थिन हे रोगनिदानाचे प्राध्यापक होते. १८९५ साली त्यांची एका शिवणकाम करणाऱ्या बाईशी गाठ पडली. ती उदास होती. कारण विचारताच ती म्हणाली, की माझ्या घरची माणसे आतड्याच्या नाही तर गर्भाशयाच्या कॅन्सरने तरुणपणीच जातात, मीही तशीच जाणार. त्या वेळी तिची प्रकृती चांगली होती. दुसऱ्या एखाद्याने 'बाई, काहीतरीच काय' म्हणून सोडून दिले असते. वॉर्थिन यांनी वहीत लिहून घेतले. बाईने नातलगांची माहिती गोळा करून दिली आणि १९१३ साली वॉर्थिन यांनी त्या घराण्याची हकीकत छापली. बाईचे म्हणणे दुर्दैवाने खरे ठरले; ती गर्भाशयाच्या कॅन्सरनेच गेली.

येथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो. वॉर्थिन हे त्या काळी अमेरिकेत जोरात असलेल्या 'चांगला वंश, हीन वंश' या विचाराचे होते. असल्या घराण्यांचे रक्तच निकृष्ट, अशी त्यांची समजूत. माणसाला जन्मावरून निकृष्ट ठरविण्याचा हा उद्योग आपल्याला नवा नाही. त्यांनी ठेवलेली नोंद मोलाची होती आणि तिच्यावरून काढलेला अर्थ कवडीमोलाचा.

पुढे १९६२ साली ओमाहा येथे हेन्री लिंच या तरुण डॉक्टरसमोर एक दारूच्या आहारी गेलेला रुग्ण आला. दारू का पितोस, असे विचारता तो म्हणाला, की आमच्या घरात सगळेच कॅन्सरने मरतात, मीही मरणार, मग पिऊ नको तर काय करू? लिंच यांनी त्याचे घराणे शोधून काढले आणि १९६६ साली प्रसिद्ध केले. पुष्कळ वर्षे त्यांचे म्हणणे कोणी मनावर घेतले नाही. कॅन्सर असा वंशात उतरतो हे तज्ज्ञांना पटेना. १९९३ आणि १९९४ साली त्यामागची पहिली दोन जनुके सापडली आणि वाद मिटला. आज या आनुवंशिक दोषाला लिंच यांचेच नाव आहे. ॲन आर्बरच्या त्या घराण्याचा पुढे पाठपुरावा झाला, तेव्हा ९२९ वंशज मोजले गेले आणि त्यांच्यातही त्याच जनुकांपैकी एकात बिघाड सापडला.

आपल्याकडेही अशी घरे आहेत. आजोबा पोटाच्या दुखण्याने गेले, चुलते गेले, आत्या गेली. मग गावात कुजबुज सुरू होते. कोणी करणी म्हणतो, कोणी घराण्याला शाप आहे म्हणतो, कोणी मागच्या जन्मीचे पाप काढतो. कोंबडी-बकऱ्यावर पैसा जातो. ना करणी, ना शाप. दोष आहे तो प्रुफे तपासणाऱ्याचा.

प्रुफे तपासणारा गैरहजर

छापखान्याशी संबंध असल्यामुळे आम्हाला हीच उपमा सुचते. पेशी दुभंगून एकीच्या दोन होतात तेव्हा तिच्यातला सगळा आनुवंशिक मजकूर पुन्हा एकदा उतरवला जातो. हा मजकूर सुमारे तीन अब्ज अक्षरांचा! खिळे जुळवणारा कितीही हुशार असला तरी एवढ्या मजकुरात चुका होणारच. म्हणून पेशीत चार प्रथिनांचे एक प्रूफ वाचणारे पथक असते. एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६ आणि पीएमएस-२ ही त्यांची नावे. ते चूक हेरते आणि दुरुस्त करवून घेते. लिंच दोष असलेल्या घराण्यांत या पथकापैकी एकाचे जनुक जन्मतःच बिघडलेले असते. बाकी काही रुग्णांत ते जन्मतः चांगले असते, पण वय वाढता वाढता आतड्यातल्या एखाद्या पेशीत बंद पडते. मोठ्या आतड्याच्या एकूण कॅन्सरपैकी शेकडा सुमारे १५ गाठींत हे पथक गैरहजर असते. त्यांतल्या सुमारे तीन आनुवंशिक, बाकीच्या नव्हेत.

प्रूफ वाचणारा नसला की चुकांचे पेव फुटते, त्यातूनच कॅन्सर होतो. परंतु गंमत पुढे आहे. मजकुरातल्या चुकांमुळे पेशीत चमत्कारिक प्रथिने तयार होतात, त्यांचे तुकडे दारावरच्या पाटीवर झळकतात आणि टी-पेशींना ती पाटी परकी दिसते! एका मोजणीत प्रूफवाचक नसलेल्या गाठींत सरासरी १,७८२ चुका निघाल्या, तर प्रूफवाचक असलेल्या गाठींत अवघ्या ७३. म्हणजे पहिला चोर गळ्यात घंटा बांधून फिरणारा आणि दुसरा आपल्याच घरच्या माणसाचे कपडे घातलेला. गर्दी कोठे जमेल आणि शुकशुकाट कोठे असेल, हे आता वाचकांच्या ध्यानात आले असेल.

ब्रेक कोणी लावला?

यावर चाणाक्ष वाचक विचारतील, की घंटा वाजत असताना पहारेकरी चोराला पकडत का नाहीत? कारण त्यांचे ब्रेक दाबलेले असतात. टी-पेशीला ब्रेक असणे आवश्यकच आहे. नाही तर ती आपल्याच यकृतावर, फुफ्फुसावर तुटून पडेल. जपानमधील क्योटो येथे तासुकू होंजो यांनी १९९२ साली असाच एक ब्रेक शोधला. त्याचे नाव पीडी-१. सुरुवातीला त्याचे काम काय हे त्यांनाही ठाऊक नव्हते; पेशी मरण्याशी त्याचा संबंध असावा असे वाटून तसे नाव दिले गेले. अमेरिकेत जेम्स ॲलिसन यांनी सीटीएलए-४ या दुसऱ्या ब्रेकवर काम केले. कॅन्सरची गाठ नेमके हेच ब्रेक दाबून धरते. तिचा पाय ब्रेकवरून हटवला तर? या विचारातून औषधे निघाली आणि दोघांना २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

त्वचेच्या आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये ही औषधे चालली. आतड्याच्या कॅन्सरमध्ये मात्र निराशा झाली. सुरुवातीच्या चाचण्यांत ३३ रुग्णांपैकी केवळ एकाला गुण आला. बत्तीस अपयशे पाहून दुसऱ्या कोणी नाद सोडला असता. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील मंडळींनी उलटा प्रश्न केला: हा एक कसा वाचला? त्याची गाठ तपासली तर तिच्यात प्रूफवाचक पथक गैरहजर! मग त्यांनी मुद्दाम दोन्ही प्रकारचे रुग्ण घेऊन चाचणी केली. २०१५ साली निकाल आला. प्रूफवाचक नसलेल्या आतड्याच्या कॅन्सरच्या दहापैकी चौघांच्या गाठी आकसल्या. प्रूफवाचक असलेल्या अठरापैकी एकाचीही नाही. औषध तेच होते, पेम्ब्रोलिझुमॅब.

२०१७ साली अमेरिकेच्या औषध खात्याने या औषधाला जी परवानगी दिली ती वेगळीच होती. कॅन्सर कोणत्या अवयवाचा हे न पाहता, गाठीत हा दोष आहे काय एवढेच पाहायचे. असे यापूर्वी कधी झाले नव्हते. २०२० साली ३०७ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. रोग शरीरभर पसरलेले, पण प्रूफवाचक नसलेले हे रुग्ण. केमोथेरपी घेणाऱ्यांचा रोग मध्यम हिशेबाने ८.२ महिने आटोक्यात राहिला, पेम्ब्रोलिझुमॅब घेणाऱ्यांचा १६.५ महिने. सर्वांनाच ते लागू पडले असे नाही. काहींचा रोग औषध चालू असतानाच वाढला.

त्यानंतरची बातमी २०२२ ची. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात गुदाशयाच्या कॅन्सरच्या बारा रुग्णांना दोस्तारलिमॅब हे त्याच जातीचे औषध दर तीन आठवड्यांनी सहा महिने दिले आणि बाराच्या बारा जणांची गाठ दिसेनाशी झाली. ऑपरेशन नाही, किरणे नाहीत, केमो नाही. आपल्याकडच्या वृत्तपत्रांनी तेव्हा 'कॅन्सरवर रामबाण औषध सापडले' असा गाजावाजा केला, तो आम्हाला मुळीच पटला नाही. हे बारा जण निवडक होते आणि गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये अशा गाठी शंभरात पाच ते दहाच असतात. ते छापायला मथळ्यात जागा नव्हती म्हणायची! मात्र चाचणी पुढे चालू राहिली आणि २०२५ साली उपचार पुरा केलेल्या ४९ जणांचा निकाल आला. ४९ च्या ४९ जणांची गाठ नाहीशी झाली होती.

गुदाशयाचे ऑपरेशन म्हणजे काय हे ज्याने घरात पाहिले आहे त्यालाच या आकड्याचे मोल कळेल. कित्येकांच्या पोटावर कायमची पिशवी बसते. माणूस चारचौघांत जायला लाजतो, प्रवास टाळतो. किरणांमुळे तरुण स्त्रीला पुढे मूल होणे अवघड होऊन बसते. हे सगळे टळत असेल तर ती लहान गोष्ट नव्हे.

मोठ्या आतड्याच्या बाबतीत ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी असेच केले. ऑपरेशनच्या आधी दोन्ही ब्रेक सोडवणारी औषधे थोडे आठवडे द्यायची आणि मग गाठ काढायची. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत १११ रुग्णांपैकी शेकडा ६८ जणांच्या काढलेल्या आतड्यात जिवंत कॅन्सरपेशी एकही सापडली नाही.

ब्रेक सोडला म्हणजे गाडी भलतीकडेही जाऊ शकते. थायरॉईड बिघडणे, अंगावर पुरळ, आतड्याला सूज येऊन जुलाब, फुफ्फुसाला किंवा यकृताला सूज, असे त्रास या औषधांनी होतात. ते क्वचित गंभीरही होतात. औषध घेणाऱ्याला दम लागला किंवा जुलाब सुरू झाले, तर गावातल्या डॉक्टरकडून गोळी घेऊन थांबू नये; ज्यांनी औषध दिले त्यांना त्याच दिवशी कळवावे.

बाकीच्या पंच्याऐंशी जणांचे काय?

शंभरातल्या पंच्याऐंशी जणांच्या गाठीत प्रूफवाचक शाबूत असतो. त्यांना ही औषधे एकटी देऊन उपयोग नाही. वर दिलेला 'अठरापैकी शून्य' हा आकडा लक्षात ठेवावा, कारण हताश कुटुंबाला कोणी 'परदेशी इंजेक्शन' म्हणून शेत विकायला लावण्याचा संभव असतो. या गाठींतही टी-पेशी कशा शिराव्यात यासाठी जगभर खटपट चालू आहे: औषधांच्या जोड्या, लसी, टी-पेशी बाहेर काढून शिकवून परत घालणे. हा शेवटचा प्रकार मुंबईत आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून तयार केला आणि २०२३ साली त्याला परवानगी मिळाली. पण तो रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे, आतड्याच्या नव्हे.

या पंच्याऐंशी जणांसाठी ऑपरेशन आणि केमो हेच आजही खरे उपचार आहेत आणि त्यांना कमी लेखू नये. गाठ आतड्याच्या भिंतीपुरती असताना सापडली, तर अमेरिकेतील आकड्यांप्रमाणे दहापैकी नऊ जण पाच वर्षांनंतरही हयात असतात. म्हणून रक्त दिसताच डॉक्टरला दाखवणे. बोटाने तपासून घेण्याची लाज वाटते, पण गुदाशयाच्या पुष्कळ गाठी त्या एका मिनिटाच्या तपासणीत हाताला लागतात.

पैशाचा प्रश्न

ही औषधे लाखांच्या घरात जातात. २०२३ साली केंद्र सरकारने पेम्ब्रोलिझुमॅबवरील मूळ सीमाशुल्क माफ केले, तरी सामान्य माणसाच्या ती आवाक्यात आली असे म्हणवत नाही. येथे टाटा मेमोरियलच्या एका कामाचा उल्लेख करणे भाग आहे. त्यांनी तोंड-घशाच्या कॅन्सरच्या रुग्णांना निव्होलुमॅब हे औषध नेहमीच्या मात्रेच्या अगदी थोड्या अंशाने, म्हणजे दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम, स्वस्त गोळ्यांच्या जोडीला दिले. २०२२ साली निकाल प्रसिद्ध झाला. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांत वर्षभराने शेकडा सुमारे १६ जण हयात होते, औषध जोडलेल्यांत ४३. हा प्रयोग आतड्याच्या कॅन्सरवरचा नाही, त्यामुळे तो येथे जसाच्या तसा लागू करता येणार नाही. पण कंपनीने ठरवलेली मात्रा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे, हे परळच्या डॉक्टरांनी दाखवून दिले. गरीब देशातल्या डॉक्टरांनीच विचारावा असा हा प्रश्न होता.

घरच्यांनी विचारायचे ते हे

औषध महाग असले तरी तपासणी तशी नाही. वर सांगितलेली चार प्रथिने गाठीत आहेत की नाहीत हे काढलेल्या तुकड्यावर रंग टाकून पाहतात. काही हजार रुपयांत होते आणि मोठ्या सरकारी व धर्मादाय रुग्णालयांत सवलतीची चौकशी करता येते. डॉक्टरांना साध्या मराठीत विचारावे, की 'एमएमआर तपासणी झाली का?' शक्यतो हे ऑपरेशन किंवा केमोच्या आधी विचारावे. दुसऱ्या टप्प्यातल्या ज्या रुग्णांत दोष सापडतो त्यांना नेहमीची एकऔषधी केमो उपयोगी पडत नाही, म्हणजे नको तो त्रासही यातून टळू शकतो.

दोष आनुवंशिक निघाला, तर प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा असो की मुलगी. हा रोग बापाकडूनच येतो असे नाही, म्हणून माहेरची माहितीही तितकीच महत्त्वाची. १९९० साली ॲमस्टरडॅमला तज्ज्ञांनी घातलेला एक नियम सोपा आहे: जवळच्या तीन नातलगांना असा कॅन्सर, सलग दोन पिढ्यांत, आणि त्यांतल्या एकाला तरी पन्नाशीच्या आत. असे घर असेल तर विचारणा झालीच पाहिजे. अशा घरांतल्या स्त्रियांनी पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव अंगावर काढू नये, कारण गर्भाशयाचा कॅन्सरही याच दोषाने होतो.

पण नेमकी हीच माहिती आपण लपवतो. स्थळ मोडेल, सोयरीक तुटेल, म्हणून चुलत्याचा कॅन्सर 'पोटाचा विकार' होतो आणि आत्याचा 'बायकी आजार'. फिनलंडमध्ये अशा घराण्यांतील २५२ जणांवर पंधरा वर्षे लक्ष ठेवले गेले. ज्यांनी दर तीन वर्षांनी दुर्बिणीची तपासणी करून घेतली त्यांच्यात आतड्याचा कॅन्सर शेकडा ६२ ने कमी झाला आणि त्या रोगाने एकही मृत्यू झाला नाही; ज्यांनी करून घेतली नाही त्यांच्यात नऊ जण गेले. याच लोकांत रोज ॲस्पिरीन दिल्याने कॅन्सर कमी होतो, असे २०११ साली इंग्लंडच्या जॉन बर्न यांच्या चाचणीने दाखवले. मात्र ॲस्पिरीनने जठरातून रक्तस्राव होऊ शकतो. मनाने सुरू करू नये.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. तपासणीसाठी काढलेला तुकडा मेणाच्या लहान ठोकळ्यात घालून ठेवतात. रुग्णालयात त्याला 'ब्लॉक' म्हणतात. तो पुष्कळ वर्षे टिकतो. रुग्ण दुसऱ्या रुग्णालयात गेला तर तो मागून नेता येतो, सही करून परतही देता येतो. आणि रुग्ण आज हयात नसला, तरी त्याच्या मुलांनी जुना केसपेपर शोधून तो ब्लॉक मागावा, कारण ती तपासणी त्या ठोकळ्यावर आजही करता येते.